हाती एकच मिलिमीटर: मॅक्रो फोटोग्राफी शिकताना

रस्त्याकडेला कुठेही उगवणारी एकदांडी, म्हणजे दगडी पाला, घ्या. लांबून पाहिलं तर पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळा ठिपका. मॅक्रो लेन्समधून, म्हणजे अगदी जवळून मोठं दाखवणाऱ्या लेन्समधून, पाहिलं की तो ठिपका सुटा होतो. ती नळीसारख्या बारीक फुलांची गच्च टोपली असते आणि प्रत्येक फुलाच्या तोंडाला पाच टोकं असतात. कडेच्या पांढऱ्या ‘पाकळ्या’ही पाकळ्या नव्हेतच. तीसुद्धा स्वतंत्र फुलं, टोकाला खाचा असलेली. फूल एक नव्हतंच, हे कळायला जंगलात जावं लागत नाही, कुंपणापर्यंत गेलं तरी पुरतं.

अडचण पुढे आहे. पहिल्या दिवशी काढलेल्या शंभर फोटोंपैकी नव्वद धूसर निघतात आणि लेन्सला दोष दिला जातो. बहुतेक वेळा लेन्सचा काही दोष नसतो. इतक्या जवळ गेल्यावर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा उरतो. तो कुठे खर्च करायचा हे ठरवणं आणि तो जागेवर राहील एवढा उजेड देणं, ही दोन कामं जमली की बाकीचं सोपं आहे.

१:१ म्हणजे काय

वस्तूची सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या चौकोनावर) पडणारी प्रतिमा वस्तूएवढीच असेल तर ते १:१. ‘फुल फ्रेम’ हा मोठा सेन्सर ३६ × २४ मिमी असतो, ‘एपीएस-सी’ हा लहान साधारण २३.५ × १५.६ मिमी. म्हणजे एपीएस-सी कॅमेऱ्यावर १:१ला सात मिमीचा तांदळाचा दाणा चौकटीच्या रुंदीचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापतो. आपल्याकडचं साहित्य किती मोठं दाखवतं ते पाहायचं असेल तर शाळेतल्या मोजपट्टीचा फोटो काढा. चौकटीत आडवे जितके मिलिमीटर दिसतील त्याने सेन्सरची रुंदी भागा. एपीएस-सीवर ४७ मिमी दिसले तर ते १:२ झालं. लेन्सवर ‘मॅक्रो’ लिहिलेलं असणं आणि १:१ मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कित्येक झूम लेन्स १:४च्या पुढे जात नाहीत.

कशाने काढायचं

मोबाइल असेल तर त्यातला वेगळा २ मेगापिक्सेलचा ‘मॅक्रो कॅमेरा’ विसरून जा. ऑटोफोकस असलेला अल्ट्रावाइड कॅमेरा चांगला चालतो. आयफोन १३ प्रोपासून तो २ सेमीपर्यंत जवळ जातो, पण इतक्या जवळ फोनची सावलीच फुलावर पडते. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्याने बसणारं भिंग लावा. फोनचं जाड कव्हर काढा आणि आपोआप मॅक्रो होणारी सोय बंद करा, नाहीतर फोन गुपचूप दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो आणि भिंग लावलेलं वाया जातं. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस लॉक करा, मग फोनच पुढेमागे सरकवा.

कॅमेरा असेल तर स्वस्ताकडून महागाकडे असा क्रम लागतो.

रिव्हर्स रिंग काहीशे रुपयांत मिळते. तिने लेन्स उलटी बसते. उलटी ५० मिमी लेन्स साधारण १:१ देते, २८ मिमीची दुप्पट, आणि १८-५५ किट लेन्स १८वर ठेवली तर तिपटीच्याही पुढे जाते. कोणतीही लेन्स लावा, वस्तूपासून अंतर मात्र चार-पाच सेंटिमीटरच मिळतं, त्यामुळे फुलपाखराची आशा सोडा. लेन्सचं कॅमेऱ्याशी बोलणं तुटल्यामुळे छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट; माप एफ/८ असं लिहितात, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) बदलता येत नाही. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्सवर युक्ती आहे: लेन्स सुलटी असताना एफ/८ ठेवा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरा आणि तसंच लेन्स काढा, छिद्र तिथेच राहतं. छिद्राची कडी लेन्सवरच असलेली जुनी लेन्स मिळाली तर याहून बरं. मागची काच उघडी पडते, तेव्हा वाऱ्याधुळीत हा प्रकार नको.

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधली पोकळ नळी, आत काच नाही. नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) एवढी वाढ मिळते; वाढ म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट, १:१ला ती १. ५० मिमी लेन्सवर ३६ मिमीची नळी म्हणजे ०.७२. घेताना विजेचे संपर्क असलेलीच घ्या.

सगळ्यात कमी लेखली जाणारी गोष्ट म्हणजे झूम लेन्सच्या पुढे लावायचं चांगल्या प्रतीचं क्लोज-अप भिंग. रेनॉक्स डीसीआर-२५० हे ८ डायॉप्टरचं (चष्म्याच्या नंबरासारखं ताकदीचं माप) भिंग चिमट्याने ५२ ते ६७ मिमीच्या लेन्सवर बसतं. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला तर १२५ मिमीला १:१, २५० मिमीला दुप्पट. अंतर मात्र दोन्ही वेळा साधारण १२ सेमीच राहतं. ५५-२५० सारखी लेन्स घरात पडून असेल तर आधी हेच घ्या.

खास मॅक्रो लेन्स घ्यायची वेळ आली तर ९० ते १०५ मिमीच्या पट्ट्यातली घ्या. ६० मिमीची हलकी आणि स्वस्त असते, पण १:१ला तिचं टोक किड्याच्या इतकं जवळ जातं की किडा निघून जातो.

मिलिमीटरचा हिशेब

फुल फ्रेमवर १:१ला एफ/२.८ ठेवलं तर स्पष्ट पट्टा सुमारे ०.३ मिमी, एफ/८ला जवळपास १ मिमी, एफ/११ला १.३ मिमी. दुप्पट मोठं केलं की एफ/८ला तो ०.४ मिमीच्याही खाली येतो. मग एफ/२२ का नको? कारण इतक्या जवळ छिद्राचा आकडा दिसतो तसा राहत नाही. त्याला (१ + वाढ) ने गुणावं लागतं: १:१ला एफ/११ प्रत्यक्षात एफ/२२सारखं वागतं. उजेड दोन स्टॉपने घटतो, म्हणजे चौथा हिस्सा उरतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा), आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच मऊ होऊ लागतं. एफ/२२ ठेवलं तर ते ४४ होतं आणि मग फोटोत एकही टोकदार कड सापडत नाही. (निकॉनचे कॅमेरे मॅक्रो लेन्सवर हा बदललेला आकडाच दाखवतात, जवळ गेल्यावर २.८चं ४.८ दिसू लागलं तर घाबरू नका.) सुरुवातीला एफ/८ ते एफ/११च्या बाहेर जायचं कारण नाही.

पट्टा वाढवता येत नसेल तर वस्तू पट्ट्यात बसवायची. पंख मिटून बसलेलं फुलपाखरू जवळजवळ सपाट असतं. त्याच्या पंखांना सेन्सर समांतर धरला तर एफ/८ला सगळा पंख स्पष्ट येतो. पाचदहा अंश तिरकं झालं की अर्धा पंख गेला. किडा समोरून घेत असाल तर मिलिमीटर डोळ्यावर खर्च करा. पाय धूसर चालतात, डोळा चालत नाही.

उजेड: पैसे इथे घाला

१:१ला हातात धरलेला कॅमेरा १/२५० सेकंदालाही हलतो. अंग डुलतं, पान डुलतं, आणि कंप घालवणारी यंत्रणाही इतक्या जवळ फारशी कामाला येत नाही. उपाय फ्लॅश. फ्लॅश १/१६ ताकदीवर ठेवला की त्याचा लखकारा साधारण १/१०,००० सेकंदात संपतो, आणि फोटो खरा त्या लखकाऱ्यातच गोठतो. मात्र उघडा फ्लॅश भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा डाग पाडतो. म्हणून डिफ्यूजर (उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) लागतो, आणि तो घरीच करणं शहाणपणाचं.

काळ्या जाड कार्डशीटचं नरसाळं करा: अरुंद तोंड फ्लॅशच्या डोक्यावर घट्ट बसेल एवढं, साधारण ८ × ५ सेमी, रुंद तोंड २० × १५ सेमी, लांबी लेन्सच्या टोकापर्यंत पोहोचेल इतकी, बहुधा १८-२० सेमी. आतून स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून, पुन्हा सरळ करून चिकटवा. रुंद तोंडावर ट्रेसिंग पेपर ताणून लावा. त्याच्या पुढे तीन-चार सेमी मोकळी जागा सोडून पॅकिंगमध्ये येणारा पातळ पांढरा फोम लावा. ती मोकळी जागा महत्त्वाची आहे. दोन थर एकमेकांना चिकटवले तर मधला झगमगाट तसाच राहतो. पुढचं तोंड थोडं खाली, किड्याकडे वाकलेलं हवं.

झालं की स्टीलच्या चमच्याच्या पाठीचा फोटो काढा. चमच्यात डिफ्यूजरचं प्रतिबिंब दिसेल. एकसारखा पांढरा चौकोन दिसला तर जमलं. मधोमध तळपता ठिपका असेल तर ट्रेसिंग पेपरच्या मध्यावर रुपयाएवढा आणखी एक तुकडा चिकटवा. ही परीक्षा टाळू नका, कारण उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांत तुमचा डिफ्यूजर अस्साच दिसणार आहे.

फ्लॅश वापरला की मागची बाजू काळीकुट्ट येते, ही नेहमीची तक्रार. प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो: फ्लॅशपासून किडा १० सेमीवर आणि मागचं पान ४० सेमीवर असेल तर पानाला सोळावा हिस्सा उजेड मिळतो. काळं नको असेल तर किड्याच्या मागे पाच-सात सेमीवर एखादं मोठं पान येईल असा कोन घ्या, किंवा सोबत्याला धरायला सांगा. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० करून आकाशाचा उजेड आत घेता येतो, पण मग हात स्थिर हवा.

पहिली सकाळ, क्रमाने

१. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सूर्योदयानंतरचे दीड-दोन तास निवडा. थंडीने किडे सुस्त असतात, चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच पण सडपातळ कीटक) दवाने भिजून काडीला चिकटलेल्या असतात, वारा पडलेला असतो. नऊनंतर हे सगळं संपतं.

२. कॅमेरा मॅन्युअलवर: १/२०० सेकंद, एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअल १/१६. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये. पहिला फोटो काळा आला तर फ्लॅश १/८ करा, बाकी काही हलवू नका.

३. फोकस मॅन्युअल. लेन्स १:२वर ठेवा. पहिल्या दिवशी १:१ नको; अर्ध्या वाढीला पट्टा तिपटीने जाड मिळतो.

४. फोकसची कडी आता विसरा. कॅमेऱ्यासकट तुम्ही पुढेमागे डुला आणि डोळा स्पष्ट झाला त्या क्षणी बटण दाबा.

५. डाव्या हाताच्या दोन बोटांनी काडी हलकेच धरा आणि लेन्सचं टोक त्याच हाताच्या मनगटावर टेकवा. मग काडी हलली तरी कॅमेरा तिच्याबरोबर हलतो. याने जेवढे फोटो वाचतात तेवढे ट्रायपॉडनेही वाचत नाहीत. ट्रायपॉडचा पाय गवतात रोवताना किडा केव्हाच उडालेला असतो.

६. एका किड्याचे वीस-पंचवीस फोटो काढा. दोन चांगले निघाले तर सकाळ चांगली गेली.

जमिनीलगतच्या विषयांसाठी अर्धा किलो राजमा कापडी पिशवीत शिवून घ्या आणि कॅमेरा त्यावर टेकवा. एकदांडीसारख्या लांब दांड्याच्या फुलासाठी बांबूच्या काडीला कपड्यांचा चिमटा बांधून ती बाजूला रोवा, आणि दांडा चिमट्यात अलगद धरा.

शोधायचं कुठे

कढीपत्त्याची कुंडी हे सर्वांत खात्रीचं ठिकाण. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालणारी फुलपाखरं तिथे येतात. कोवळ्या पानांवर एखाद मिमीचा, फिकट पिवळा, गोल मणी शोधा. अंड्यातून निघालेली अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट, मधे पांढरा डाग, आणि हेच तिचं संरक्षण. पुढे ती हिरवी होते. फार जवळ गेलात तर डोक्यामागून केशरी दुफाटी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. फोटो देखणा येतो, पण शिंग निघालं म्हणजे तुम्ही तिला त्रास दिलात, मागे सरा.

रुईच्या कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा हटकून मिळतो, आणि मावा असला की त्याचा गोड रस प्यायला मुंग्या आणि त्याला खायला लेडीबर्ड भुंगेरे येतात. एका शेंड्यावर तासभर सहज जातो. मावा जागेवरून फारसा हलत नाही, म्हणून शिकायला उत्तम. रुईचा चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नका.

पहिल्या पावसात मृगाचा किडा निघतो. आठ पाय असलेला हा कीटक नव्हेच, कोळ्यांच्या नात्यातला जीव. जवळून पाहिलं तर अंगभर दाट लाल मखमल आणि त्या मखमलीला घड्या. त्याच्यावर नवशिके हमखास फसतात: फोटोत मखमल जाऊन लाल प्लॅस्टिकचा गोळा उरतो. कारण लाल रंगाचा भाग सेन्सरवर आधीच भरून जातो, आणि साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) सगळं ठीक असल्याचं सांगतो. रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम उघडा, एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली आणा, आणि कॅमेऱ्यातली ‘व्हिव्हिड’ सेटिंग बंद करा. तो थांबत नाही, सतत चालतो; कॅमेरा राजम्याच्या पिशवीवर ठेवून त्याच्या वाटेत पुढे फोकस लावा आणि त्याला चौकटीत येऊ द्या.

सड्यांवर आणि पठारांवर पावसाळ्यात सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटक खाणाऱ्या वनस्पती असतात. दवबिंदूच्या पानांवरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात, आणि त्यात अडकलेलं चिलट १:१ला स्पष्ट दिसतं. पण कास पठारावर वाट सोडून आत जायचं नाही. पश्चिम घाटातली ही जागा २०१२ पासून जागतिक वारशात आहे, आणि तिथली माती काही ठिकाणी इंच-दीड इंचच असते. आडवं पडून काढलेल्या एका फोटोत कितीतरी रोपं चिरडतात. वाटेच्या कडेला दिसेल तेवढंच, १०० मिमीच्या लेन्सने.

आणि एक ठाम सांगणं: किडा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करणं, काडीला गोंदाने चिकटवणं, अळी उचलून ‘चांगल्या’ फुलावर ठेवणं, हे प्रकार करू नका; लोक ते करतात आणि ते ओळखूही येतात. अळीला दुसऱ्या झाडावर ठेवली तर तिचं जेवण तुटतं.

पाऊस कोसळत असेल तेव्हा

खडेमीठ काळ्या कार्डावर ठेवा आणि उजेड एका बाजूने, जवळजवळ आडवा टाका. घनाचे सरळ कंगोरे, पृष्ठभागावरच्या चौकोनी पायऱ्या, आत अडकलेले पाण्याचे बुडबुडे दिसतात. समोरून उजेड टाकला तर यातलं काहीच दिसत नाही, नुसता पांढरा ठोकळा. घरातल्या एलईडी दिव्यावर फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्याचाच तो खेळ.

थेंबातलं फूल हाही पावसाळी बैठकीचा उद्योग. पाणी आणि ग्लिसरीन समप्रमाणात मिसळा, इन्सुलिनच्या सिरिंजने गवताच्या पात्याच्या टोकाला तीनेक मिमीचा थेंब लटकवा, आणि मागे पाच-सात सेमीवर शेवंती किंवा जास्वंद उलटी धरून ठेवा. थेंब प्रतिमा उलटी करतो, म्हणून फूल सुलटं दिसतं. फसतं ते इथे: फोकस थेंबाच्या कडेवर लावला जातो. फुलाची प्रतिमा मात्र थेंबाच्या पृष्ठभागाच्याही पुढे, तुमच्या बाजूला, एक-दीड मिमीवर तयार होते. फोकस त्या प्रतिमेवर लावा. कडही हवी असेल तर एफ/१६पर्यंत जाण्याची मोजकी कारणं आहेत त्यातलं हे एक.

मिलिमीटर अगदीच पुरत नसेल तर फोकस स्टॅकिंग, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत काढलेले फोटो जोडून एक करणं. चार मिमी खोलीच्या वस्तूला १:१, एफ/५.६ला अर्ध्या मिमीच्या टप्प्याने आठ-दहा फोटो लागतात. टप्पा पट्ट्यापेक्षा लहान ठेवा, नाहीतर मधे धूसर रेघा उरतात. जोडायला हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर ही सॉफ्टवेअर. फोटोशॉपही जोडतो, पण एकमेकांवरून गेलेल्या मिशा आणि पाय त्याला नीट समजत नाहीत आणि त्यांच्याभोवती धुरकट कड राहते. हलणाऱ्या किड्यावर हे करू नका.

बिघाड आणि त्याचं मूळ

सगळाच फोटो सारखा धूसर असेल तर कॅमेरा हललाय किंवा छिद्र फार बारीक आहे. फोटोत कुठेतरी स्पष्ट पट्टा आहे पण डोळ्यावर नाही, तर तो डुलण्यातला चुकलेला क्षण. आणखी फोटो काढा. सगळ्या फोटोंत एकाच जागी करडा ठिपका दिसत असेल तर सेन्सरवर धूळ आहे, बारीक छिद्राने ती उघडी पडते. चौकटीच्या खालच्या कडेला अर्धगोल काळोख आला तर लेन्सचं हूड फ्लॅशच्या आड येतंय, हूड काढा.

शेवटी बुरशी. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबरात लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी वाढते, आणि कातडी पिशवीत ठेवलेल्या लेन्सला ती आधी धरते. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात रंग बदलणारी सिलिका जेल ठेवा, सोबत छोटा आर्द्रतामापक, आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहू द्या. जेलचा निळा रंग गुलाबी झाला की पसरट भांड्यात मंद आचेवर गरम करून पुन्हा निळी करा. ते भांडं मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. ओल्या हवेतून आलेला कॅमेरा डब्यात टाकण्याआधी तासभर पंख्याखाली ठेवा.